पोटाचा धंदा आणि मनाचा छंद
(धर्मग्रामाच्या महोत्सव-सभेंत दिलेलें व्याख्यान)



विषय मीं साधाच घेतला आहे. कोणी नवीन गृहस्थ भेटला म्हणजे आपण त्यास विचारतों, "आपण काय करतां?" या प्रश्नांत आपल्या मनीं इतकेंच असतें कीं, पोटासाठीं काय करतां? शिक्षक, कारकून, बागाईतदार, कोळी, सुतार, असें एखादें उत्तर मिळालें कीं आपलें समाधान होतें. कामावरून घरीं आल्यावर त्याच मनुष्याचा जीव कशांत रमतो, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. उलट, ज्यांचीं नांवें त्यांच्या छंदामुळें जगांत राहिलीं, त्यांची चूल कशावर पेटत होती हेंही आपणांस ठाऊक नसतें. आज त्या चुलीकडे थोडें पाहूं.

हॉलंड देशांतील डेल्फ्ट शहरीं 1632 सालीं जन्मलेला आंतोन व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा दुकानदार होता. सूत मोजण्यासाठीं व कापडाचा पोत पारखण्यासाठीं त्या काळचे कापडवाले भिंग वापरीत. भिंगाशीं त्याची ओळख धंद्यांतच झाली असावी. 1660 मध्यें त्यास नगरसभागृहांत एक जागा मिळाली. अधिकाऱ्यांची बसावयाची खोली उघडणें, ती स्वच्छ राखणें, शेगडी पेटविणें, असें त्या जागेचें काम. या गृहस्थानें स्वतः इवलालीं भिंगें घांसून 1674 मध्यें तळ्याच्या पाण्याच्या थेंबांत नुसत्या डोळ्यांस न दिसणारे जीव पाहिले. त्यास लॅटिन येत नव्हती. आपल्या डच भाषेंतच तो लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रें लिही, आणि 1673 पासून 1723 मध्यें मरण येईपर्यंत त्यानें तीं लिहिलीं. विद्वानांच्या त्या सभेनें 1680 मध्यें त्यास आपला सभासद करून घेतलें. दुकान व नोकरी यांनीं त्याच्या छंदाचा घात केला नाहीं. त्यांनींच त्या छंदास अन्न दिलें.

विल्यम हर्शेल याची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. हा मूळचा जर्मनींतील हॅनोव्हरचा, पेशानें वादक. इंग्लंडांतील बाथ शहरीं तो एका प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी, जलसे बसवी. आणि रात्रीं घरामागील बागेंतून आकाश न्याहाळी. दुर्बिणीचे आरसे तो घरींच घांशी. 13 मार्च 1781 रोजीं त्यास युरेनस ग्रह दिसला. पुढच्याच वर्षीं राजानें त्यास वर्षाला 200 पौंडांचें वेतन बांधून दिलें, आणि छंद हाच त्याचा धंदा झाला.

परंतु या घरांत त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन होती. गाण्याचें शिक्षण देण्यासाठीं भावानें तिला 1772 मध्यें इंग्लंडांत आणिलें. ती जलशांत गाऊंही लागली. पण आरसा घांसतांना भावाचे हात मोकळे नसत, तेव्हां तीच त्याच्या मुखीं घांस भरवी. घराचा हिशेब तिच्याकडे, निरीक्षणांच्या नोंदीही तिच्याकडे. भावाचा छंद वाढत गेला, आणि बहिणीचें गाणें थांबलें. पुढें तिनें स्वतः आठ धूमकेतु शोधिले, व 1787 पासून तिलाही 50 पौंडांचें वार्षिक वेतन मिळूं लागलें, हें खरें. तरी तें गाणें कांहीं परत आलें नाहीं. छंदाचा खर्च पैशांतच मोजून भागत नाहीं. घरांतील कोणाच्या तरी वेळांतून, झोंपेंतून, कधीं तिच्या स्वतःच्या आवडींतून तो वसूल होत असतो.

आतां आपल्या पवित्र सभेंतील एक उदाहरण. फादर ग्रेगोर मेंडेल हे 1822 सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मले, आणि ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठांत राहून 1847 मध्यें धर्मगुरु झाले. शिक्षकाच्या परीक्षेंत ते 1850 मध्यें अनुत्तीर्ण झाले, तरी बदली शिक्षक म्हणून वर्षानुवर्षें त्यांनीं मुलांस शिकविलें. मठाच्या बागेंत 1856 पासून 1863 पर्यंत त्यांनीं वाटाण्याचीं सुमारें 28,000 रोपें वाढवून तपासलीं. 1865 मध्यें आपला निबंध त्यांनीं दोन सभांत वाचला, 1866 मध्यें तो छापला गेला, आणि जग स्वस्थ राहिलें. 1868 मध्यें ते मठाधिपति झाले. मठाचा कारभार आणि मठावरील कराविषयीं सरकारशीं झालेला तंटा यांत त्यांचे दिवस गेले व रोपें मागें पडलीं. 1884 मध्यें ते देवाघरीं गेले. 1900 सालीं इतर शास्त्रज्ञ त्याच सिद्धांतांपर्यंत पोहोंचले, तेव्हां आनुवंशाच्या शास्त्राचा पाया या मठवासीयानें घातला होता हें जगास कळलें. कर्तव्यानें हांक मारली तेव्हां त्यांनीं प्रिय वस्तु खाली ठेविली. पुढें कीर्ति येईल हें त्यांस दिसत नव्हतें. म्हणूनच त्यांचें तें ठेवणें मला मोठें वाटतें.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामाचेंच पाहा. मिस्सेंत गाणारे, व्हायोलिन वाजविणारे, नाताळचा गोठा रचणारे, हे पोटासाठीं कोणी कचेरींत जातात, कोणी गाडी चालवितात, कोणी वाडीस पाणी घालतात. या महोत्सवाची शोभा त्यांच्या फावल्या वेळांतून निघाली आहे. यास्तव आईबापांस माझी विनंति कीं, मुलानें वाद्य हातीं घेतलें म्हणून तें आळशी झालें असें समजूं नये. धंदा त्यानें शिकलाच पाहिजे. पण धंदा शिकविण्यासाठीं वाद्य मोडण्याचें कारण नाहीं.

आणि छंदिष्टांसही एक विनंति. संत पौलांनीं करिंथ येथें तंबू शिवण्याचें काम केलें. त्यांचें कार्य छंदाहून अनंत पटींनीं थोर, तरीही आपला भार दुसऱ्यावर पडूं नये याची त्यांस काळजी होती. मग आपल्या हौशीचा भार आपण पत्नीच्या खांद्यावर किंवा वाण्याच्या उधारीवर कसा टाकावा? आज घरीं गेल्यावर प्रत्येकानें शांतपणें विचारावें, "माझ्या छंदासाठीं या घरांत कोणाचें गाणें थांबलें आहे?" उत्तर मिळालें तर आठवड्यांतील एक संध्याकाळ त्या व्यक्तीस मोकळी करून द्यावी, व त्या वेळीं चूल आपण सांभाळावी.

हात ज्यानें दिले, आवडही त्यानेंच दिली. दोहोंचा हिशेब त्याच्यापुढें सरळ ठेवण्याची बुद्धि तो आपणां सर्वांस देवो, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.