डोंगरगावचा मस्तकहीन महाकाय

महाडहून वरंध घाटाने भोरकडे चढणाऱ्या, अथवा पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास निघालेल्या प्रवाशास कड्याकड्यांतून काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. गांधारपाल्याची लेणी कोरली गेली ती याच पाषाणात, आणि रायगडही त्याचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून पुनःपुन्हा उसळलेल्या तप्त रसाची ही थिजलेली पुटे होत. त्यांत डायनोसॉरचे हाड शोधणे व्यर्थ. अशा रसात देह टिकत नाही; तो टिकतो गाळात.

तसा गाळ पहावयाचा तर, श्रोतेहो, कोकण सोडून चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळील डोंगरगावच्या टेकडीवर जावे लागते. लाव्हारसाने झाकण्यापूर्वी तेथे नद्या व तळी होती. त्यांच्या गाळातून एका महाकाय प्राण्याची मानेपासून शेपटीपर्यंतची मणकी, फासळ्या, खांदा, कटिभाग आणि डाव्या बाजूचा पुढील पाय हाती आला. सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली विल्सन व अपचर्च यांनी त्यास स्वतंत्र वंशनाम दिले, ते इसिसॉरस. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते बनले आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव अशा प्राण्यास मिळावे, ही गंमतच म्हणावयाची!

आता हाडांवरून रूप कसे ओळखावे? शेपटीचे मणके पुढून खोलगट व मागून गोलाकार आहेत, उखळीत मुसळ बसावे तसे एकात एक बसणारे. त्यावरून कूळ कळले, टायटॅनोसॉरांचे. या कुळाची मान सामान्यतः लांबलचक. येथे मात्र मानेचा एकेक मणका आखूड, आणि त्यावरील काटा उंच व जाड. तेव्हा मान आखूड, वर उचललेली, भक्कम स्नायूंनी धरलेली असली पाहिजे. पुढच्या पायाचे दंडाचे हाड १४८ सेंटिमीटर भरले, म्हणजे पाच फुटांस दोन बोटे कमी. म्हणून चित्रकार त्यास तरसाप्रमाणे पुढून उंच आणि मागे उतरता रंगवितात.

परंतु मागचे पाय मिळालेले नाहीत, आणि मस्तकही नाही. पाठीचा उतार नेमका किती, हे त्यामुळे अनुमानच राहते. आणि चित्रातील तोंड तर त्याच्या भाऊबंदांकडून उसने आणलेले असते. चित्र पाहताना एवढा विवेक ठेवावा.

तरीही त्या काळच्या तोंडांत काय जात होते, हे अन्य मार्गाने कळले. त्याच तालुक्यातील पिसदुरा येथे महाकाय तृणपर्णभक्षकांचे शेण दगड होऊन पडले आहे. त्यात झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अवशेष निघाले. २००५ साली त्यातच गवताच्या पात्यांतील वाळूसारखे सूक्ष्म कण ओळखले गेले. तोवर डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच अशी विद्वानांची समजूत होती, आणि चित्रकार त्याच्या पायांखाली केवळ नेचे रंगवीत असत. आता तेथे थोडे गवत रंगविण्यास हरकत नाही.