हॉरमच्या विमानांचीं शेवटचीं उड्डाणें

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील सफोक परगण्यांत हॉरम नांवाचें एक लहानसें खेडें आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथें अमेरिकेच्या ९५ व्या बाँबफेकी गटाचा तळ होता. १९४५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तळावरील माणसें नेहमींप्रमाणें विमानें भरीत होतीं; पण विमानांच्या पोटांत चढत होतें तें सामान मात्र नेहमींचें नव्हतें. जेथें बाँब अडकवावयाचे तेथें लांकडी फळ्या बसविल्या होत्या, आणि त्यांवर सैनिकांच्या शिध्याचीं खोकीं व डबे रचले जात होते.

या गटाचा लौकिक अन्नदानाचा नव्हता. त्याचीं विमानें ‘उडता किल्ला’ म्हणून ओळखलीं जाणारीं, चार एंजिनांचीं. दहा माणसें आंत बसत आणि पंचवीस हजार फुटांवरील हाडें गोठविणाऱ्या थंडींत, विजेनें तापविलेले पोशाख घालून, जर्मनीवर जात. ४ मार्च १९४४ रोजीं बर्लिनवर दिवसाढवळ्या बाँब टाकणारीं पहिलीं अमेरिकन विमानें या गटाचीं होतीं. त्याच्या आदल्या वर्षीं, १० ऑक्टोबर १९४३ रोजीं, म्यून्स्टर शहरावरील हल्ल्यांत हाच गट आघाडीला होता. तो रविवार होता, आणि नेम कारखान्यावर नसून शहराच्या मध्यभागावर, म्हणजे रेल्वे कामगारांच्या वस्तीवर होता. पंचवीस हजार फुटांवरून घरांतलें माणूस दिसत नाहीं. दिसतें तें केवळ नकाशासारखें शहर.

संकटांतील लोकांना मदत टाकण्याचाहि एक प्रयोग या गटानें केला होता. १८ सप्टेंबर १९४४ रोजीं, जर्मनांविरुद्ध उठलेल्या वॉर्सा शहराकरितां शंभरांवर विमानांनीं शस्त्रें, औषधें व अन्न हवाई छत्र्यांनीं सोडलें. पण तें सोडलें फार उंचावरून, आणि बंडवाल्यांच्या हातीं शहराचे थोडेच तुकडे उरले होते. बहुतेक सारें सामान जर्मनांना मिळालें.

या वेळीं मदत जावयाची होती ती हॉलंडला. १९४४ च्या सप्टेंबरांत, दोस्तांच्या चढाईस हातभार म्हणून, लंडनमध्यें आश्रयास असलेल्या डच सरकारनें आपल्या रेल्वे कामगारांना संप करण्यास सांगितलें. जर्मनांनीं सूड म्हणून पश्चिम हॉलंडकडे जाणारें अन्न अडविलें. पुढें ती बंदी सैल केली, तों हिंवाळा आला आणि कालवे गोठले. संपाची हांक लंडनहून आली. उपास घडला तो अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेग येथील घरांत. दोस्तांच्या फौजा तर मुख्यतः जर्मनीकडे वळल्या आणि पश्चिम हॉलंड मागें राहिलें. लोकांनीं साखरेचे बीट खाल्ले, ट्यूलिप फुलांचे कंद शिजवून खाल्ले. सुमारें वीस हजार माणसें त्या हिंवाळ्यांत भुकेनें मेलीं असें मानतात.

अन्न द्यावें हें ठरविणें सोपें होतें, पण जर्मन तोफा अजून जागच्या जागीं होत्या. अखेरीस २८ एप्रिल रोजीं अख्टरफेल्ड नांवाच्या खेड्यांतील एका शाळेंत दोन्ही पक्षांचे अधिकारी भेटले. ३० तारखेस हॉलंडवरील जर्मन राज्याधिकारी झाइस-इंक्वार्ट स्वतः तेथें आला. ज्या माणसास पुढल्याच वर्षीं न्यूरेंबर्गच्या निकालानुसार फांशी झाली, त्याच्या शब्दावर वैमानिकांनीं जीव टाकावयाचा होता. ब्रिटिशांनीं तर करार पुरा होण्याची वाटहि पाहिली नाहीं. त्यांचीं विमानें २९ तारखेसच निघालीं. त्यांनीं या कार्याला ‘मान्ना’ हें नांव दिलें. जुन्या करारांत रानांतल्या इस्राएल लोकांसाठीं आकाशांतून पडलेल्या अन्नाचें तें नांव. १ मे पासून सामील झालेल्या अमेरिकनांनीं निवडलेल्या नांवाचा अर्थ निव्वळ ‘खादाड’ असा होतो! दोन राष्ट्रांच्या स्वभावांतला फरक दाखवावयास एवढें पुरे.

श्रोत्यांनीं आतां तें उड्डाण डोळ्यांपुढें आणावें. अन्न छत्रीशिवाय टाकावयाचें, म्हणून विमान चार-पांचशें फुटांपर्यंत, कधीं त्याहूनहि खालीं न्यावयाचें. मार्ग ठरलेला, त्यापासून ढळावयाचें नाहीं. खालीं तोफांशीं उभे असलेले जर्मन शिपाई स्पष्ट दिसत, आणि तोफांचीं तोंडें विमानाबरोबर फिरत. तितक्याच स्पष्टपणें छपरांवर चढून रुमाल, चादरी हालविणारे लोकहि दिसत. हेगच्या लोकांनीं तर दोनच महिन्यांपूर्वीं, ३ मार्च रोजीं, ब्रिटिश विमानांचे चुकलेले बाँब सोसले होते. नेम होता जर्मन अग्निबाणांच्या ठाण्यावर. बाँब पडले वस्तीवर, आणि पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. त्या लोकांनीं विमानांचा आवाज ऐकून तळघरांत न जातां रस्त्यावर यावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अन्न लगेच कोणाच्या तोंडांत पडलें असें मात्र नाहीं. खोकीं गोळा करणें, निवडणें, वांटणें यांत कित्येक दिवस गेले. ८ मे पर्यंत दोन्ही राष्ट्रांच्या विमानांनीं मिळून सुमारें अकरा हजार टन माल टाकला. शेतांत डच लोकांनीं फुलांनीं आभाराचीं अक्षरें काढलीं, तीं वैमानिकांस वरून वाचतां येत.

तळावर वर्षानुवर्षें विमानें दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनीं शत्रूचा मुलूख कधीं पाहिला नव्हता. आतां धोका नाहीं म्हणून त्यांतील कांहींजणांना या उड्डाणांत बरोबर नेलें जाई. ७ मे रोजीं पहाटे रीम्स येथें जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या; ती दुसऱ्या रात्रीं अमलांत यावयाची होती. त्याच दिवशीं हॉरमचें एक विमान अशा पाहुण्यांसह हॉलंडला अन्न टाकून परत निघालें. किनाऱ्यावरून त्यावर गोळीबार झाला असें सांगतात. एका एंजिनानें पेट घेतला. इंग्लंडचा किनारा जवळ आला असतां विमान समुद्रांत कोसळलें, आणि आंतील माणसांपैकीं दोघेच वांचले.