डॉलरवर जगलेली निराशा

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला जाऊन राहिलेल्या अमेरिकन लेखकांचा विषय निघाला की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. युद्धात होरपळलेला तरुण, कॅफेतलं टेबल, समोर दारूचा पेला. चित्र खोटं नाही, पण त्यात चलनाचा भाव कुठे दिसत नाही.

1919 च्या सुरुवातीला डॉलरला साधारण साडेपाच फ्रँक मिळत. 1926 च्या जुलैत तोच भाव पन्नासच्या घरात गेला. फ्रेंच मध्यमवर्गाची पुंजी मातीमोल होत होती आणि त्याच पडझडीवर परक्या लेखकांची चूल पेटत होती. हेमिंग्वे 1921 च्या डिसेंबरात पत्नी हॅडलीसह आला, तेव्हा ‘टोरांटो स्टार’ची बातमीदारी हाताशी होती आणि हॅडलीच्या वारशाचं उत्पन्न पाठीशी. घरात गरम पाणी नव्हतं, संडास जिन्याच्या टप्प्यावर. त्या गरिबीचं त्यानं पुढे फार लोभस वर्णन केलं. मला ते आवडतंही. पण ज्याला महिन्याभरात स्वित्झर्लंडच्या बर्फात स्कीइंगला जाणं परवडतं, त्याची गरिबी जरा बेतानंच घ्यावी.

आता युद्धाचं. या लेखकांतले बरेचसे लढलेच नव्हते. डॉस पॅसॉस आणि कमिंग्ज रुग्णवाहिकेच्या पथकात होते, माल्कम काउली दारूगोळ्याचे ट्रक हाकत होता. फिट्झजेरल्ड फौजेत भरती झाला, पण युरोपला निघण्याआधीच युद्ध आटोपलं. आपण प्रेक्षक होतो, हे काउलीनंच पुढे 1934 च्या पुस्तकात मान्य केलं. हेमिंग्वेही रेडक्रॉसचा माणूस. 8 जुलै 1918 ला पियावे नदीकाठी इटालियन शिपायांना चॉकलेट, सिगारेटी वाटताना तोफगोळ्यानं जखमी झाला. एकोणीस पुरे व्हायचे होते. पॅरिसमध्ये पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच लिहितात की ओळख झाली त्याच दिवशी त्यानं बूट-मोजा काढला आणि पायावरचे व्रण दाखवले. वेदना खरीच होती, पण ती दाखवण्याची हौसही कमी नव्हती.

कमिंग्जची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मित्राच्या पत्रांवरून संशय आला, म्हणून फ्रेंचांनी 1917 मध्ये त्यालाही ला फेर्ते-मासे इथल्या कोठडीत डांबलं. ज्यांचे जखमी वाहायला आला, त्यांनीच! 1922 च्या ‘द इनॉर्मस रूम’मध्ये म्हणूनच तोफांपेक्षा सरकारी खाक्या जास्त आहे. या मंडळींचा विश्वास उडाला तो शत्रूवरून नव्हे, आपल्या बाजूच्या साहेबांवरून. मायदेशी तरी काय होतं? 1920 पासून दारूबंदी, आणि ‘युलिसिस’चे भाग छापल्याबद्दल दोन संपादिकांना दंड. ती कादंबरी 1922 मध्ये पॅरिसमध्ये बीचबाईंनीच काढली.

शेवटी, या कहाणीत सहसा न येणारा एक जण; पण आधी त्याची पार्श्वभूमी. 369 वी कृष्णवर्णीय अमेरिकन पलटण फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली लढली, फ्रेंच शौर्यपदक घेऊन मायदेशी परतली. 1919 च्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. तो एक जण म्हणजे कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज. 1924 मध्ये तो पॅरिसला आला, खिशात सात डॉलर घेऊन. माँमार्त्रच्या ‘ल ग्राँ द्यूक’ क्लबात त्यानं भांडी घासली. अमेरिकेच्या मोठमोठ्या शब्दांनी निराश व्हायला त्याला युद्धाची वाट पाहावी लागली नव्हती.