लाल सदऱ्याचे वर्ष



खेळावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना विजयाच्या कथा हव्या असतात. आपल्या जिल्ह्यात त्यांची वानवा नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण आज मला मैदानाच्या कडेला मांडलेल्या एका टेबलाविषयी बोलावयाचे आहे. तेथे मुलांचे कागद तपासतात, आणि कोण खेळावयास पात्र व कोण अपात्र हे ठरते.

आपल्याकडे हे टेबल मुख्यतः वय विचारते. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळाडू खरोखरीचा विद्यार्थी असला पाहिजे, आणि वय साधारणपणे १७ ते २५ च्या दरम्यान. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षाने पोराच्या खांद्यांत किती फरक पडतो, हे घरोघरच्या आयांना ठाऊकच आहे.

अमेरिकेत महाविद्यालयांचे सामने पाहावयास हजारो लोक लोटतात. तेथील मोठ्या महाविद्यालयांत अनेक वर्षे असा नियम चालत आला की, विद्यार्थ्याने नाव घातल्यापासून पाच वर्षे मोजावयाची आणि त्यांत त्याने चार हंगाम खेळावयाचे. म्हणजे एक वर्ष शिल्लक उरले. त्या वर्षी मुलगा संघाबरोबर सराव करतो, अभ्यास करतो, पण सामन्यात उतरत नाही. दुखापत बरी होते, अंग भरते, आणि चार हंगाम शाबूत राहतात. याला ते ‘रेडशर्ट’, म्हणजे लाल सदरा म्हणतात. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठातला वॉरन आल्फसन नावाचा खेळाडू नुसत्या सरावापुरता राहिला. त्याच्या लाल सदऱ्यावर क्रमांक नव्हता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. २०१८ मध्ये त्यांच्या फुटबॉलात (जो बहुतेक हातांनीच खेळतात!) चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येईल अशी सवलत मिळाली. ही व्यवस्था अगदी निर्मळ आहे असे माझे म्हणणे नाही. धट्टीकट्टी पोरे मिळावीत म्हणून शिक्षक धडधाकट मुलालाही बसवून ठेवतात. काही आईबाप तर मुलाला बालवाडीतच वर्षभर उशिरा घालतात, आणि त्यालाही हाच शब्द आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या गावांत जुन्या पिढीतल्या पाहाल त्या माणसाचा जन्म १ जूनचा! शाळा जूनमध्ये उघडावयाची. पोर पोळ्याच्या सुमारास झाले एवढेच आईला आठवावयाचे. गुरुजी हिशेब करून १ जून लिहून मोकळे व्हावयाचे. त्यात कोणाचे पाप नव्हते. परंतु वय हे लिहिण्यावर आहे, एवढे मात्र त्यातून चतुर मंडळींना कळले. पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आले, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आले, आणि त्या एका वर्षाला बाजारभाव आला. २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविडनी वय लपविण्याच्या या रोगाविषयी परखडपणे सांगितले होते. क्रिकेटमध्ये आता मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन हाडांचे वय काढतात. मात्र हाड जन्मतारीख सांगत नाही, अंदाज सांगते. उंचापुरा खरा मुलगा त्यात अडकू शकतो, आणि बारीक अंगाचा खोटा सुटू शकतो.

या चोरीत धनी कोण हे कोणी विचारीत नाही. सोळाचा मुलगा चौदात घुसला की खरा तेराचा मुलगा रेषेबाहेर पाणी देत बसतो. त्याचे वर्ष गेले, आणि त्याची तक्रार नोंदवावयाला वहीच नाही.

अमेरिकेतले राखलेले वर्ष निदान उघड हिशेबात असते. आपल्याकडे वयाची मर्यादा दिनदर्शिकेप्रमाणे चालते. गुडघा मोडून वर्षभर घरी बसलेल्या मुलीसाठी ती थांबत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडणीला गेलेल्या आणि पाचटाच्या कोपीत शाळा विसरलेल्या पोरासाठीही थांबत नाही. माझे मत असे की, शालेय गटांत वयाचा काटा जराही ढळू नये, कारण तेथे लहान अंगावर मोठे अंग आदळते. महाविद्यालयात मात्र दुखापतीचा किंवा शिक्षण खंडित झाल्याचा खरा दाखला आणणाऱ्याला एक वर्ष जोडून द्यावे. पंचवीस आणि सव्वीस वर्षांच्या गड्यांत मैदानावर फारसे अंतर उरत नाही.

१ जूनचा प्रश्न आता कायद्यानेच सुटू लागला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला हाच वयाचा पुरावा ठरला आहे. ही मुले २०३७ च्या सुमारास चौदाच्या उंबरठ्यावर येतील. तेव्हा घरात बाळ जन्मले की नोंद एकवीस दिवसांच्या आत करून घ्या. तेवढ्या मुदतीत शुल्क पडत नाही.