न्हाणीघरातला गॅस गीझर
(गेल्या वर्षीच्या उत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्यानंतर पाककला स्पर्धेचं बक्षीस वाटप आहे, तेव्हा फार वेळ घेत नाही. बाथरूममधले अपघात म्हटलं की घसरून पडणं आठवतं. तेही महत्त्वाचं आहेच. गावाहून आई-वडील राहायला येणार असतील तर कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या आणि रात्री तिथला दिवा चालू ठेवा. पण मी सुरक्षा विभागातला माणूस. मला बोलायचं आहे ते गॅस गीझरबद्दल.

आपल्यातले बरेच जण ब्लास्ट फर्नेसच्या भागात काम करतात. तिथल्या वायूत पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून मॉनिटर लावल्याशिवाय आपण तिथे पाऊल टाकत नाही, आणि एकटे तर नाहीच. जून २०१४ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यात याच वायूने सहा जणांचा बळी घेतला. हे सगळं ठाऊक असलेला माणूस घरी येतो आणि सात बाय चारच्या खोलीत, थंडी वाजते म्हणून खिडकी लावून, आतून कडी घालून, एकटा, पेटत्या बर्नरशेजारी उभा राहतो!

स्वयंपाकाचा गॅस नीट जळायला त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. बंद खोलीत ती पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. काहीतरी बिघडलंय हे कळेपर्यंत कडीपर्यंत हात पोचत नाही. पुष्कळदा घरच्यांना वाटतं फीट आली, नाहीतर हार्ट अटॅक.

आता दिवाळी येईल. पहाटेचं अभ्यंगस्नान, पाहुण्यांनी भरलेलं घर, एकामागून एक आंघोळी, आणि गीझर बंद होतच नाही. प्रत्येकामागे आतली हवा आणखी खराब. सगळ्यात शेवटी आंघोळ कोणाची असते, हे समोर बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको.

उपाय एकच खात्रीचा आहे. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्या. ते होईपर्यंत खिडकी आणि दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आत जा. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका; बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो तरी काय करणार? ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर त्या दिवशी पाणी शेगडीवर तापवा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि कडी अशी लावा की बाहेरूनही उघडता येईल. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

कोणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडकी सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या आणि तडक इस्पितळ गाठा. तिथे 'गॅस गीझर चालू होता' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे; इथे त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो.

आमच्या विभागातले तिघे जण येत्या दोन रविवारी घरी येऊन गीझर पाहून जायला तयार आहेत. क्वार्टर नंबर मांडवातल्या वहीत लिहून ठेवा.

मघाशी एका वहिनींनी विचारलं, गीझर बाल्कनीत नेला तर नळाला गरम पाणी येईपर्यंत गार पाणी वाया जाईल त्याचं काय? जाईल अर्धी-पाऊण बादली. ती तुळशीला आणि कुंड्यांना घाला.