त्र्यंबक ते पैठण : सायकलीवरून पाच दिवस



नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मुलांना विचारले, "गोदावरी कोठे उगम पावते?" सगळे हात वर झाले. "ब्रह्मगिरीवर!" मग विचारले, "आपल्या गावावरून पुढे ती कोठे जाते?" एकच हात वर आला. उत्तर मिळाले, "समुद्रात." उत्तर चुकीचे नव्हते. परंतु उगम आणि समुद्र यांच्यामध्ये तब्बल १४६५ किलोमीटरची नदी आहे. तिच्या काठी माणसे राहतात, शेती करतात, पाण्यासाठी भांडतात. ती नदी त्या मुलांच्या डोळ्यांपुढे नव्हती. आणि खरे सांगायचे तर, माझ्याही डोळ्यांपुढे ती फारशी नव्हती.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्रांनी ठरविले की, त्र्यंबकपासून पैठणपर्यंत नदीच्या सोबतीने सायकलीवरून जावयाचे. दोघे शिक्षक, एक शेतकरी आणि एक पोस्टातला. अंतर वळणावाकणांसह अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर, दिवस पाच.

नाशिकला सायकलीचा नाद आहे, हे आपण जाणताच. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आषाढीच्या आधी नाशिकचे सायकलस्वार पंढरीची सायकलवारीही करतात. आमचा बेत त्या मानाने अगदीच साधा. आम्हाला कोणाला हरवावयाचे नव्हते. रोज पन्नास-साठ किलोमीटर जावयाचे, आणि दिवस मावळण्याच्या आत मुक्काम गाठावयाचा.

सामान थोडके घ्या, बरं का! माणशी आठ-दहा किलोंच्या वर ओझे नको. एक कांबळे, एक सतरंजी, दोन जोड कपडे, दोन लिटर पाणी, आणि चौघांत मिळून एक तंबू, एक पातेले व थोडा शिधा. पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, पाना आणि एक जादा ट्यूब हवीच. ओझे कॅरियरच्या दोन्ही अंगांना सारखे बांधावे, नाहीतर उतारावर सायकल ओढ खाते. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे नवी घालून घ्यावीत, आणि मागे लाल दिवा लावावा.

पहिल्या दिवशी कुशावर्ताचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. थोडी वाकडी वाट करून गंगापूर धरण पाहिले आणि नाशिक ओलांडून सायखेड्यास मुक्कामाला आलो. रस्ता बहुतेक उताराचा. पाय कमी दुखतात आणि डोळे मोकळे राहतात. त्र्यंबकच्या डोंगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला कोपरगाव-नेवाशाकडे जावे तो पाचशेच्या आसपास येतो. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन आकडे असतात. सायकलीवर मात्र ते दिसतात : भाताची खाचरे मागे पडतात, द्राक्षांचे मांडव लागतात, मग ऊस लागतो, आणि कालवा संपला की बाभळी.

दुसरा दिवस थोड्या अंतराचा ठेवला, कारण नांदूर मध्यमेश्वरला वेळ द्यावयाचा होता. गोदावरी आणि कादवा येथे भेटतात. १९०७ ते १९११ या काळात येथे बंधारा झाला. अडविलेल्या पाण्यात गाळ साठला, गाळात पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशींचे पक्षी उतरू लागले. जानेवारी २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे साऱ्या जगाने जपण्याजोगी पाणथळ जागा. मुले बरोबर असतील तर पहाटेच न्यावीत, आणि गोंगाट करू देऊ नये.

मात्र अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून तंबू ठोकू नये. नदीच्या कोरड्या पात्रात तर कधीच झोपू नये. वरच्या धरणातून पाणी सुटले म्हणजे पात्र पाहता पाहता भरते. सर्वांत चांगला मुक्काम म्हणजे शाळेचे पटांगण किंवा देवळाची ओवरी. मुख्याध्यापकांना, सरपंचांना वा पोलीस पाटलांना आधी विचारावे. आम्हाला कोणी नाही म्हटले नाही. उलट निफाडच्या थंडीने दात वाजू लागले, तेव्हा एका घरातून न मागता दोन घोंगड्या आल्या.

तिसऱ्या दिवशी कोपरगाव ओलांडून, चांगदेवांची समाधी आहे त्या पुणतांब्यास पोहोचलो. वाटेत नांदूर मध्यमेश्वरचा कालवा सोबतीला होता. एका चारीवर बसलेले वृद्ध शेतकरी म्हणाले, "मास्तर, आमची जमीन टेलला आहे." टेल म्हणजे कालव्याचे शेपूट. पाणी मुखाकडून निघते. वाटेत जो तो आपले शेत भिजवून घेतो, आणि शेपटाला पोहोचते तेव्हा ते पाणी राहत नाही, ओल राहते. त्यांचे म्हणणे, "पाळी खालून वर यावी, तरच सगळ्यांना मिळतं." आम्ही मान डोलावली आणि पुढे गेलो. ती गोष्ट खरी समजली ती दुसऱ्या दिवशी.

चौथ्या दिवशी नेवासे गाठावयाचे होते. सकाळची थंड हवा, सपाट रस्ता. आम्ही तिघे गप्पांच्या भरात वेगाने निघालो. बऱ्याच वेळाने मागे पाहतो तो पोस्टातला मित्र नाही! पंक्चरचे सगळे साहित्य आमच्या पिशवीत. फोन लावावा तर त्याचा फोन बंद. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या अंगावरून जात होत्या. मनात नको ते येऊ लागले. आम्ही उलटे फिरलो. तो सापडला रस्त्याकडेच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपाशी. मागच्या चाकात बाभळीचा काटा गेलेला. आणि हा दगडावर बसून चहा पीत होता. चहा देणारी बाई आम्हाला म्हणाली, "दादा, संगं आलेल्याला असं मागं टाकू नये."

आम्ही काय बोलणार? आम्ही हौसेने पाच दिवस तंबूत राहणार, ती माणसे पोटासाठी पाच-सहा महिने कोपीत राहतात. आणि सोबत म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला सांगावे!

तेव्हापासून आम्ही नियम केला, आणि शिक्षकमित्रांनो, मुलांना न्याल तेव्हा हा नियम विसरू नका. सर्वांत सावकाश जाणारा असेल त्याला पहिल्याच्या मागे, दुसऱ्या जागी ठेवावे. चाल त्याची, बाकीच्यांनी ती धरावी. सर्वांत दमदार गडी शेवटी, आणि पंक्चरची पिशवी त्याच्याजवळ. दर पाच किलोमीटरवर थांबून मोजणी करावी. अशाने वेळ थोडा जास्त लागतो, पण सगळे पोहोचतात.

सायंकाळी नेवाशाला प्रवरेच्या काठी, ज्ञानदेवांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्या खांबापाशी आम्ही बसलो. तेथे मला टेलचे शेतकरी आठवले. आमची रांग काय आणि त्यांचा कालवा काय, पुढच्याने मागे वळून पाहिले नाही तर शेवटचा उपाशी राहतो.

पाचव्या दिवशी शेवगावमार्गे पैठण. येथे गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब. शंभराहून अधिक गावांनी आपल्या जमिनी या पाण्याखाली दिल्या. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहान हे पाणी भागविते.

आता अवघड गोष्ट बोलतो. पाऊस कमी झाला की, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावे की नाही, यावरून वाद पेटतो. २०१४ साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरविले की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. किती सोडावे, वाटेत किती मुरते, वरच्या द्राक्षबागा कशा जगवाव्यात, हे प्रश्न खरे आहेत. आमचा शेतकरी मित्र नाशिकचाच. आपले पाणी जाते म्हणून तोही चिडणारा. पैठणला एका घराच्या ओट्यावर आम्ही पाणी मागितले. घरच्या आजींनी तांब्या भरून दिला. तो प्याला, आणि हळूच म्हणाला, "हे आमच्याकडचंच पाणी, नाही का?" आजी हसल्या. "तुमचंच की. म्हणून तर तुम्हाला दिलं."

त्याने आपले मत बदलले, असे मी म्हणणार नाही. त्याची बाग आहे, कर्ज आहे. पण परतीच्या टेम्पोत तो म्हणाला, "आजवर मी खालच्यांविषयी बोलत होतो. आता त्या आजींविषयी बोलावं लागेल."

शिक्षकमित्रांनो, एवढे झाले तरी सहल सार्थकी लागली. मोठ्या मुलांना नदीकाठाने दोन मुक्काम तरी न्या. पालकांची लेखी संमती घ्या, मोठा रस्ता टाळा, अंधारात चालू नका. आणि खालच्या गावच्या एखाद्या शाळेला आधी पत्र घाला. तुमची मुले तेथे उतरतील, तेथली मुले पुढच्या वर्षी तुमच्याकडे येतील.

पैठण ही एकनाथांची नगरी. काशीहून आणलेली कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कथा सांगणे सोपे असते. वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्या घरचे पाणी एकदा पिऊन पाहावे, मग ती कथा थोडी अधिक कळते. त्यासाठी एक सायकल, चार सोबती आणि पाच दिवस पुरतात.