सही करण्याआधी विचारा



आज मी तुमच्याशी एका यंत्राविषयी बोलणार आहे. त्याचे नाव लॅपटॉप. मांडीवर ठेवून चालवायचा संगणक. तो वहीसारखा उघडतो नि मिटतो. काही ठिकाणी आता शाळाच मुलांना लॅपटॉप देतात.

हे दूरदेशीचेच आहे असे समजू नका. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात खैराट नावाचे खेडे आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतील मुलांना २००७ साली लहान लॅपटॉप मिळाले. चांगली गोष्ट झाली. विद्या कोठूनही येवो, ती घ्यावी. मी सारा जन्म मास्तरकी केली. मी यंत्राला नावे ठेवणार नाही.

पण यंत्र घरात येते, तेव्हा घरच्यांना विचारले पाहिजे. का बरं? घडलेली हकीकत ऐका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. तिथे फिलाडेल्फिया शहराजवळ लोअर मेरियन हे गाव आहे. लोक सधन, शाळा नामांकित. तिथल्या दोन हायस्कुलांतील सुमारे २,३०० मुलांना लॅपटॉप दिले होते. ते घरी न्यायची मुभा होती. प्रत्येक लॅपटॉपला कॅमेरा होता, आपल्या मोबाइलला असतो तसा.

लॅपटॉप चोरीला गेला तर शोधता यावा, म्हणून त्यात एक सोय करून ठेवली होती. शाळेत बसल्या बसल्या तो कॅमेरा चालू करता येई. मग समोर जे असेल, त्याचा फोटो ठराविक वेळाने आपोआप निघे नि शाळेकडे जाई. मुलगा लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत बसला असेल, तर त्या खोलीचा फोटो जाई.

ही गोष्ट आईबापांना कोणी सांगितली नव्हती.

नोव्हेंबर २००९ मध्ये एका विद्यार्थ्याला शाळेत जाब विचारला गेला. तू घरी भलतेसलते करतोस, असा आरोप झाला. पुरावा काय? तर त्याच्याच घरात, त्याच्याच लॅपटॉपने काढलेला फोटो! आईबाप चकित झाले. आमच्या घरातला फोटो शाळेकडे गेला कसा?

फेब्रुवारी २०१० मध्ये ते कोर्टात गेले. तपासात ५०,००० हून अधिक चित्रे निघाली. काही कॅमेऱ्याने काढलेली, काही लॅपटॉपच्या पडद्याची. यंत्र सापडल्यावरसुद्धा काही ठिकाणी ही सोय बंद केलीच नव्हती. मुलांवर पाळत ठेवायचा आमचा हेतू नव्हता, असे शाळेच्या बाजूने सांगण्यात आले. ऑक्टोबर २०१० मध्ये तडजोड झाली. ६,१०,००० डॉलर देण्याचे ठरले.

मंडळी, हेतू चांगला असेलही. पण राखणीला घातलेले कुंपणच शेत खाऊ लागले, तर काय करायचे? ते आईबाप काही अडाणी नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नाही, म्हणून हे झाले.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, शाळा फुकट देते. मग कशाला चौकशी?” अहो, गाय फुकट मिळाली, तरी ती मारकी आहे का हे आपण बघतोच ना? नि लॅपटॉप फुटला, हरवला, तर भरपाई कोण करणार? तेही विचारायला हवे.

दुसरी अडचण मोठी आहे. आई म्हणते, “नाही म्हटलं तर माझी पोर मागं पडेल.” या भीतीने ती गप्प बसते. म्हणून शाळेने एकच वाट ठेवू नये, दोन-तीन ठेवाव्यात. कोणी लॅपटॉप घरी न्यावा. कोणी तो शाळेतच वापरावा नि तिथेच ठेवावा. कोणाच्या घरी स्वतःचा संगणक असेल, तर तो चालावा. कोणाला पुस्तक-वहीवर अभ्यास करू द्यावा. वाट कोणतीही असो, मुलाचे मार्क त्यापायी कमी होता कामा नयेत. नाही म्हटल्यावर पोराचे नुकसान होणार असेल, तर ती कसली निवड?

आपल्याकडे २०२३ साली संसदेने लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी कायदा मंजूर केला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी आईबापांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्याला काही अपवादही आहेत. म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबू नका. स्वतः विचारा.

शाळेने लॅपटॉप दिला, तर हे पाच प्रश्न विचारा :

१. हा घरी न्यायलाच हवा का?
२. यातून शाळेला काय काय दिसते?
३. ते कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो?
४. मोडला, हरवला तर खर्च कोणाचा?
५. आम्ही नाही म्हटले, तर मूल कसे शिकेल?

उत्तरे लेखी मागा. यात भांडण नाही. चांगल्या मास्तरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

पूर्वी आपले वाडवडील सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत. कागदात काय आहे, ते त्यांना कळत नसे. तुम्ही आता अक्षरे शिकलात. शाळेचा कागद हाती आला, की आधी तो सावकाश वाचा. कळले नाही तर विचारा. मनाला पटले तरच सही करा.